चार, दोन, तीन, एक

फुटबॉलमधले ‘४-२-३-१’ ऐकले की पुष्कळांना तो टेलिफोनचा नंबर वाटतो. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा गड्यांची ती मांडणी. शिक्षकांनी फळ्यावर ठिपके काढूनच दाखवावी: मागे चार, पुढे दोन, मग तीन, टोकाला एकटा.

सेर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक २०१७ साली एफसी गोवा संघाकडे आले. चेंडू आपल्याच पायांत खेळवायचा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी मागच्या चौघांपैकी कडेचे दोघेही पुढे धावत. त्या हंगामात इंडियन सुपर लीगच्या १८ साखळी सामन्यांत गोव्याने ४२ गोल केले. पण खाल्लेही २८! वावरात सगळे गडी एका टोकाला कापणीला लागले, की दुसऱ्या धुऱ्यावरून गुरे शिरायचीच.

कोणी म्हणतात, बचाव मागे ओढा. मग आघाडीच्या कोरोला चेंडू पुरवायचा कोणी? मला वाटते, कडेचा एक गेला तर दुसऱ्याने थांबावे, आणि मधल्या दोघांतल्या एकाने जागा सोडू नये. पुढच्या हंगामात खाल्लेले गोल २० वर आले. मात्र १७ मार्च २०१९ च्या अंतिम सामन्यात मधला अहमद जाहू जादा वेळेत दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला. उरलेल्या दहांवर बंगळूरच्या राहुल भेकेने (गडी मूळचा मुंबईचाच) कॉर्नरवरून डोक्याने गोल केला, आणि गोवा १-० ने हरले. कॉर्नरच्या वेळी ४-२-३-१ फळ्यावरच राहते. तिथे कोणी कोणाला धरायचे, तेवढेच पाहायचे असते.