वाट तीच, तरी मासा अडकतो

मृगाचा पाऊस पडून पूर्णा, दुधना आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांना पहिलं गढूळ पाणी आलं, की परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानात एक उलटी वाहतूक सुरू होते. पाणी खाली धावतं आणि मासे वर निघतात. नव्या, उथळ पाण्यात अंडी घालायची म्हणून प्रवाहाच्या तोंडावर चाल करून जाणारे हे चढणीचे मासे. त्यांच्या वाटेत काड्यांचा विणलेला एक लांबट सापळा ठेवला, तर ते आपणहून आत शिरतात. त्या सापळ्याला झडप नाही, दोरी ओढायला कुणी बसलेलं नाही, आमिषसुद्धा लागत नाही. ज्या तोंडातून मासा आत गेला ते तोंड रात्रभर उघडंच असतं, आणि तरीही सकाळी मासा आतच असतो.

मला या सापळ्याइतकं थक्क करणारं यंत्र दुसरं माहीत नाही. यंत्रच म्हणायला हवं त्याला, फक्त त्यातला हलणारा भाग मासा आहे.

रचना सांगायला सोपी आहे. एक लांब टोपली, शेपटाकडे निमुळती होऊन घट्ट बांधलेली. तिच्या उघड्या तोंडात आतल्या बाजूला वळवून बसवलेलं एक नरसाळं. नरसाळ्याच्या आतल्या टोकाशी काड्या बांधत नाहीत, त्यांची टोकं मोकळी आणि लवचीक सोडतात. मासा पुढे सरकला की ती थोडी फाकतात आणि तो गेला की पुन्हा जवळ येतात. पण ही टोकं नसती तरी बहुतेक मासे अडकलेच असते, कारण खरी करामत भूमितीची आहे.

समजा बाहेरचं तोंड फूटभर व्यासाचं आहे आणि नरसाळ्याचं आतलं भोक अडीच इंचांचं. क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर बाहेरचं तोंड आतल्या भोकाच्या तेवीसपट भरतं. बाहेरून येणाऱ्या माशाला समोर ऐसपैस वाट दिसते. नरसाळ्याच्या उतरत्या भिंती त्याला न कळत भोकाकडे नेतात. आत गेल्यावर मात्र सगळं उलटतं. आता ते भोक टोपलीच्या मधोमध, भिंतींपासून दूर, पाण्यात अधांतरी आहे. कोंडलेला मासा कडेकडेनं, भिंत चाचपत फिरतो. फिरत फिरत तो तोंडाकडे आलाच, तरी पोचतो नरसाळं आणि टोपली जिथे जुळतात त्या आंधळ्या कोपऱ्यात. बाहेरची वाट त्याच्यापासून वीतभर लांब असते, पण तो ती शोधतो कडेला, आणि ती असते मध्यभागी.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा फारसा उपयोग नाही. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, सूक्ष्म छिद्रांची एक रांग असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्याचा दाब आणि ओघ यांतला बारीकसा फरक ती टिपते. चढणीच्या माशाला तोंड प्रवाहाकडे ठेवून पुढे रेटायचं असतं, म्हणून सापळ्याचं तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला ठेवतात. मासा वर चढत आत येतो, बंद शेपटाशी थांबतो, आणि तिथे काड्यांच्या फटींतून ताजं पाणी सतत त्याच्या तोंडावर येत राहतं. त्याचं सारं शरीर त्याला सांगत असतं की वाट पुढेच आहे. मागे वळायचं म्हणजे उपजत ओढीच्या उलट जायचं. म्हणून या सापळ्यात काड्यांइतकंच महत्त्व फटींना आहे. भरीव मडकं ठेवलं तर पाणी त्यातून वाहणार नाही आणि चढणाऱ्या माशाला ती वाट वाटणारच नाही.

आता विणकामाकडे या. बुरुडांच्या हातात वेळूच्या कामट्या असतात. वेळू नसेल तिथे नदीकाठची निर्गुडी आहे, तिचे सरळ, कोवळे फोक टोपल्यांसाठी वापरतात. ओले असताना पाला ओरबाडून काढायचा आणि वाळले असतील तर भिजत घालायचे. पाण्यानं काडीतल्या पेशींच्या भिंती मऊ पडतात आणि एरवी कडकन मोडणारी काडी वाकते. वेळू चिरताना सालीकडची कामटी वेगळी राखावी. तीच टिकाऊ असते, गाभ्याकडची लवकर कुजते.

साध्या टोपलीत उभ्या काड्यांची संख्या विषम लागते. एकच आडवा पदर एका काडीच्या पुढून, दुसरीच्या मागून असा फिरवला आणि काड्या विषम असल्या, तर दुसऱ्या फेरीत तो आपोआप उलटा पडतो. पहिल्यांदा जिच्या पुढून गेला, तिच्या आता मागून जातो आणि वीण आवळते. संख्या सम असेल तर पदर दर फेरीत त्याच काड्यांच्या पुढून जातो आणि वीण बसतच नाही. हे गणित कुठल्याही पाटीवर न मांडता हातांनी शोधलेलं आहे.

माशाच्या सापळ्याला मात्र फटी हव्यात, म्हणून तिथे दुपदरी वीण घेतात. दोन पदर बरोबर चालवायचे, एक काडीच्या पुढून, एक मागून, आणि दर दोन काड्यांच्या मध्ये त्यांना एक पीळ द्यायचा. हा पीळ काडीला जागच्या जागी धरतो. मग विणीची एक ओळ घालून चार बोटं मोकळी सोडली, पुन्हा एक ओळ घातली, तरी सापळा ढिला पडत नाही. शेपटाकडे निमुळतं करताना दोन-दोन काड्या एकत्र धरल्या तरी बिघडत नाही, कारण या विणीला सम-विषमाचं बंधन नाही. दोन काड्यांमध्ये बोट घालून अंतर राखत जायचं. त्या बोटाएवढ्या फटीतून पिल्लं निसटतात आणि मोठा मासा राहतो.

ठेवण्याची जागाही विचारानं निवडावी लागते. ओढ्यात दगडांचे दोन तिरपे बांध रचायचे, ते वरच्या अंगाला एकमेकांजवळ येतील असे, आणि मधल्या फटीत सापळा बसवून खुंटांनी पक्का करायचा. म्हणजे ओढ्याचंच एक मोठं नरसाळं झालं आणि त्याच्या टोकाशी आपलं छोटं.

काडी कुजते, म्हणून असे जुने सापळे सहसा हाती लागत नाहीत. पण जिथे पाणथळ चिखलात हवा पोचत नाही तिथे ते टिकतात. आयर्लंडमध्ये डब्लिन शहरात, लिफी नदीच्या मुखाजवळच्या गाळात, हेझल झाडाच्या फोकांचे विणलेले सापळे सापडले. ते सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या बुज बिम इथे गुंडिचमारा लोकांनी काळ्या दगडांचे पाट आणि बांध रचून, त्यांच्या तोंडाशी विणलेल्या टोपल्या लावून वाम जातीचे मासे धरले. त्यांतलं सर्वांत जुनं काम सुमारे ६,६०० वर्षांचं. २०१९ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. एकमेकांची नावंही न ऐकलेल्या माणसांना तोच आकार सुचला, कारण मासे सगळीकडे कडेकडेनंच फिरतात.

आणि तो आकार आजही परभणीच्या शिवारात लटकतो आहे! कपाशीतला नरसाळ्याचा कामगंध सापळा आठवा. मादीच्या गंधाला भुलून बोंडअळीचा नर पतंग येतो, नरसाळ्यातून खालच्या पिशवीत पडतो आणि वरचं भोक उघडं असूनही बाहेर निघत नाही. गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवायला हेक्टरी ५ सापळे लावतात. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असं सलग तीन दिवस दिसलं, की फवारणीची वेळ आली असं मानतात.

चढणीचे मासे मात्र आता पूर्वीसारखे मोकळे चढत नाहीत. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात १९६८ साली पुरं झालेलं येलदरी धरण सुमारे ५१ मीटर उंच आहे. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले. जो मासा वर पोचतो, त्याची किंमत त्यामुळे वाढली आहे.

म्हणून हा सापळा करून पाहणाऱ्यांना कळकळीची विनंती. शेपटाचं टोक पाण्याबाहेर राहू द्या. मरळीला मधूनमधून वर येऊन हवा घ्यावीच लागते, पूर्ण बुडालेल्या सापळ्यात ती पाण्यातच गुदमरून मरते. सापळा रोज सकाळी उचला, हंगाम संपला की काठावर आणून ठेवा. नायलॉनच्या घडीच्या सापळ्यांपेक्षा काडीचाच विणा, कारण पुरात वाहून गेलेला काडीचा सापळा कुजून जातो, नायलॉनचा मात्र कुणी न उचलता मासे मारत राहतो. आणि पहिल्या पुराला सापडलेली, पोटात गाभोळी असलेली मासोळी वरच्या अंगाला सोडून द्या.