कडबाकुट्टीचीं पातीं

रब्बीची ज्वारी निघाली कीं जालना जिल्ह्यांत कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. शेत भोकरदनकडे किंवा अंबडकडे आणि बिऱ्हाड शहरांत, अशीं कुटुंबें आज थोडीं नाहींत. त्यांच्याकडून गोठ्यांतील यंत्राची विचारपूस मात्र क्वचितच होते. अखंड कडबा टाकल्यास जनावर पानें खातें व धांडे तुडवितें, म्हणून त्याची कुट्टी करावी लागते. परंतु जें यंत्र धांडा कापतें, त्यास बोट कापणें कठीण नाहीं.

यंत्राच्या जड चाकावर दोन किंवा अधिक पातीं बोल्टांनीं बसविलेलीं असतात. दांतेरी रूळ कडबा आंत ओढतात आणि तोंडाशीं असलेल्या स्थिर पट्टीवर पातें तो कापतें. बोथट पातें निरुपद्रवी, असा एक समज आहे. वस्तुस्थिति उलट आहे. धार गेली कीं धांडा चेंगरतो, तुकडे लांबट व दशा निघालेले पडतात, रुळांत चारा अडकतो. मग कामकरी तो हातानें रेटूं लागतो, आणि हात तोंडापाशीं जातो तो याच वेळीं. म्हणून कुट्टींत दशा दिसतांच यंत्र थांबवावें.

पातें काढण्यापूर्वीं नुसती कळ बंद करून भागत नाहीं. गेलेली वीज केव्हां परतेल याचा नेम नसतो. तेव्हां प्लग उपसून नजरेसमोर ठेवावा व पट्टा उतरवावा. चाक पूर्ण थांबल्यावर त्यास लांकडी पाचर मारावी. ही पाचर पुष्कळांना व्यर्थ खटपट वाटते. परंतु एक पातें सोडवितांच चाकाचा तोल जातो, जड बाजू आपोआप खालीं येते आणि राहिलेलें पातें तिच्याबरोबर फिरतें, वीज नसतांहि! हातानें फिरवावयाच्या यंत्रासहि हें लागू आहे.

पाना धारेकडे न ओढतां तिच्यापासून दूर ओढावा. तडा गेलेलें किंवा वाकलेलें पातें पुन्हां वापरूं नये. नुसतें बोथटलें असल्यास उतरत्या बाजूनेंच धार लावावी; सपाट बाजू घांसल्यास पट्टीशीं फट पडते. पातीं बदलावयाचीं तर सर्व एकदम, सारख्या वजनाचीं. एकच नवें बसवून पैसे वांचविले तर चाक थरथरतें व बोल्ट ढिले होतात.

बोल्ट आंवळून, हत्यारें बाजूस ठेवून, पाचर काढल्यावर चाकाची कड पात्यांपासून दूर धरून एक फेरा सावकाश फिरवावा. पातें पट्टीस कोठें घांसलें तर पुन्हां पाचर मारून तें नीट बसवावें. झांकण लावल्यावांचून प्लग लावूं नये, आणि पहिली पेंढी घालण्यापूर्वीं तींत तार किंवा खडा नाहीं, हें पाहून घ्यावें.