मुष्टियुद्धातील दोन वाटा

मुष्टियुद्ध म्हणजे दोन माणसांनी एकमेकांना ठोसे मारणे, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात हा खेळ जितका हातांचा, तितकाच पायांचा आणि डोळ्यांचाही आहे. स्वतः मार न खाता प्रतिस्पर्ध्याला कसे मारावे, हा या खेळातील मूळ प्रश्न होय. व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. एक परंपरेने घालून दिलेले, तर दुसरे परंपरा मोडणाऱ्या खेळाडूंनी शोधलेले.

इंग्लंडमध्ये १८६७ साली 'क्वीन्सबेरी नियम' प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, दोन फेऱ्यांमधील एका मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्या खेळाडूस उठण्यासाठी दहा सेकंदांची मुदत या गोष्टी त्यांतून रूढ झाल्या. या चौकटीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून एक पारंपरिक पवित्रा सिद्ध झाला. उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय पुढे टाकून अंग किंचित तिरपे ठेवतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला मारण्यासाठी कमी जागा मिळते. त्याचा डावा हात पुढे आणि उजवा हनुवटीजवळ असतो. कोपरे बरगड्यांशी आणि हनुवटी खाली झुकलेली असते. डावखुरा खेळाडू हीच रचना उलट बाजूने करतो.

या पवित्र्यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. हनुवटीवर ठोसा बसला, की डोके झटक्याने फिरते, मेंदूला हादरा बसतो आणि शुद्ध हरपू शकते. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. तेथील एक नेमका ठोसा धडधाकट माणसालाही गुडघ्यावर आणतो. चालताना पायांची अढी पडली, तर हलक्या धक्क्यानेही तोल जातो. पुढच्या हाताने मारलेल्या सरळ, झटपट ठोशाला 'जॅब' म्हणतात. अंतराचा अंदाज घेणे, प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणे आणि मागच्या हाताच्या जोरदार ठोशासाठी वाट मोकळी करणे, ही तिन्ही कामे जॅब करतो. १९३७ ते १९४९ या काळात जगज्जेतेपद राखणारा अमेरिकेचा जो लुई हा या शैलीचा आदर्श मानला जातो. मोजकी पावले आणि आखूड, अचूक ठोसे यांच्या बळावर त्याने पंचवीस वेळा आपले पद राखले.

या परंपरेला सर्वांत मोठे आव्हान दिले ते मुहम्मद अली याने. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात १९४२ साली जन्मलेल्या अलीचे मूळ नाव कॅशियस क्ले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून तो व्यावसायिक खेळाकडे वळला. त्याचे हात हनुवटीजवळ नसत. ते कमरेशी लोंबत असत. ठोसा आला, की तो डोके बाजूला न काढता सरळ मागे झुके. जाणकारांच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच होते. परंतु अवजड गटातील या खेळाडूच्या पायांत हलक्या गटाची चपळाई होती आणि अंतराचा त्याचा अंदाज विलक्षण होता. ठोसा त्याच्या चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर संपे. शिवाय खालून येणारा त्याचा जॅब प्रतिस्पर्ध्याला वेळेवर दिसत नसे. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे बलाढ्य सॉनी लिस्टन सातव्या फेरीसाठी आसनावरून उठलाच नाही आणि बावीस वर्षांचा अली जगज्जेता झाला.

तथापि खाली ठेवलेल्या हातांची किंमत त्यालाही मोजावी लागली. कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाला 'हुक' म्हणतात. १९६३ मध्ये लंडन येथे हेन्री कूपरच्या आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे जो फ्रेझरच्या डाव्या हुकने अलीला जमिनीवर पाडले. कूपरला त्याने पुढच्याच फेरीत हरवले. फ्रेझरकडून मात्र तो पराभूत झाला.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी तेव्हाच्या झाईर देशातील किन्शासा येथे पंचवीस वर्षांचा जगज्जेता जॉर्ज फोरमन आणि बत्तीस वर्षांचा अली समोरासमोर आले. आता पायांत पूर्वीचा वेग उरला नव्हता. दोरांना टेकू नये, हा खेळातील प्राथमिक धडा. अली मात्र मुद्दाम दोरांना रेलून उभा राहिला. हातांच्या आडोशाने त्याने फोरमनचे ठोसे झेलले आणि त्याला थकू दिले. आठव्या फेरीत त्याने दमलेल्या फोरमनला गारद केले. युक्ती सफल झाली. पण या वेळी ठोसे हुकले नव्हते, ते शरीराने सोसले होते.

१९८० मध्ये अडतिसाव्या वर्षी अली लॅरी होम्सशी लढला. उत्कृष्ट जॅब हे होम्सचे प्रमुख अस्त्र होते. मागे झुकण्यासाठी लागणारा क्षण अलीला आता सापडत नव्हता. दहाव्या फेरीनंतर त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. १९८४ मध्ये त्याला कंपवाताचा विकार असल्याचे निदान झाले. कारकिर्दीत खाल्लेल्या ठोशांचा त्यात किती वाटा होता, याची चर्चा वैद्यक क्षेत्रात दीर्घकाळ झाली. २०१६ मध्ये त्याचे निधन झाले.

पुढच्या पिढीत इंग्लंडच्या शेफील्डमधील नसीम हमीद याने ही वाट चोखाळली. हात खाली सोडून तो अनपेक्षित कोनांतून ठोसे मारी. ७ एप्रिल २००१ रोजी लास वेगास येथे मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेरा याने घाई न करता, शिस्तबद्ध खेळाने त्याला बारा फेऱ्यांत हरवले. व्यावसायिक कारकिर्दीतील सदतीस लढतींपैकी नसीमचा हा एकमेव पराभव होता. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या व्यायामशाळेत तो घडला, तेथे जमिनीवर रेषा आखून त्यांवर पावले टाकण्याचा सराव करून घेतला जाई. म्हणजे स्वैर भासणाऱ्या खेळामागेही कसून केलेली मेहनत होती.

मग श्रेष्ठ शैली कोणती? परंपरा सामान्य कुवतीच्या खेळाडूलाही संरक्षण देते आणि वय वाढल्यावरही त्याची साथ सोडत नाही. वेगळी वाट असामान्य खेळाडूला यश देते. पण ते यश डोळ्यांच्या आणि पायांच्या चपळाईवर उभे असते, आणि ही चपळाई तारुण्याबरोबर ओसरते. म्हणूनच जाणता प्रशिक्षक नवशिक्याला प्रथम हात वर ठेवायला शिकवतो. हात केव्हा खाली घ्यावे, हे ठरवण्याचा अधिकार ते वर का ठेवायचे हे ज्याला पुरते उमगले आहे, त्यालाच असतो.