न लावलेला गंधार

तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाला, मधली जोडी षड्जाला, शेवटची खर्जाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या षड्जाला. गंधाराची तार नसतेच. तरी तंबोरा नीट जुळला की गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तार छेडली की ती सबंध तर कंपतेच, शिवाय त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच भागांतही कंपते. खर्ज सेकंदाला १२० कंपनांना लागला असेल, तर पाच भागांचं कंपन ६००. मध्य षड्ज २४० आणि शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. ६०० हा त्याचाच वरच्या सप्तकातला गंधार. पंचम दीडपट, ३६०. सवायकी-दिडकी घोकलेल्या पिढीला हे स्वर आधीच पाठ होते म्हणायचे!

पेटी मात्र या पाढ्यात बसत नाही. कोणत्याही पट्टीला षड्ज धरता यावा म्हणून तिच्यात सप्तकाचे बारा सारखे टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्पा सुमारे १.०५९५ पट, बारा वेळा गुणलं की बरोबर दुप्पट. पंचम ३५९.६ वर येतो, तो कुणाच्या कानाला खुपत नाही. पण गंधार जातो ३०२.४ वर. त्याचं चौपट सुमारे १२०९.५ आणि षड्जाचं पाचपट १२००. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज थरथरतो.

हा फरक सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी फार मनावर घेतला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर असलेल्या या गृहस्थांनी तारांच्या लांब्या मोजून सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांची, गुणोत्तरं मांडली. १९१० साली त्यांचं पुस्तक आलं. साताऱ्यात न्यायाधीश असलेले आय.सी.एस. अधिकारी क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले. गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. श्रुतींची खास पेटीही करवून घेतली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र तिच्यावरून वाद पेटला. मला वाटतं, मोजण्यात देवलांचं काही चुकलं नव्हतं. बावीस जागा कायमच्या ठोकून बसवायच्या, हा हट्ट नडला. गाताना स्वर रागाप्रमाणे थोडा वर-खाली सरकतो, आणि पेटीच्या पट्टीला सरकता येत नाही.

सतारीचा पडदा सरकतो. तो दोऱ्याने बांधलेला असतो. उघड्या तारेला षड्ज धरला आणि ती ९० सेंटीमीटर असली, तर घोडीपासून ७२ वर गंधार, ६० वर पंचम, ४५ वर तार षड्ज. पडदा बांधायचा साधारण इथे. शेवटचा केसभर निर्णय कानाचा.

मिरजेच्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या कारागिरांची खरी कसोटी जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद गुंजत राहील अशी घोडी घासताना लागते. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला जेमतेम जाणवेल इतका उतार असतो, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिथे स्थिर राहणारी सम पटींची कंपनं उमटू नयेत, असं तारेच्या कंपनांचं सूत्र सांगतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं की तंबोऱ्यावर ती ऐकू येतात. सूत्रात तारेची दोन्ही टोकं पक्की धरलेली असतात. इथे तार घोडीच्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, त्यामुळे तिची लांबीच बदलत राहते. वापरून घोडीवर खाच पडली की जवारी बिघडते, मग कारागीर ती पुन्हा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो.