गंज क्लिपखाली असतो

बोदलकशाच्या धानपट्ट्यात पांदण रस्त्यांवरून जुन्या डिझेल जीपा आणि काळ्यापिवळ्या अजून धावतात. या गाड्यांची डिझेलची टाकी इंजिनापेक्षा खाली असते आणि तिथून स्टीलचा बारीक पाईप चेसिसला धरून पुढे जातो. पावसाळ्यात बांध्यांमधला चिखल खालून उडतो. उघडा पाईप वाऱ्याने वाळतो, पण पाईप धरणाऱ्या क्लिपमागे अडकलेला चिखल कितीतरी दिवस ओला राहतो. पाईप आधी तिथेच, नजरेआड सडतो. म्हणून गळणाऱ्या जागी एम-सील लावणे म्हणजे निम्मीही दुरुस्ती नव्हे. जिथे एक भोक पडले तिथे पुढच्या क्लिपखालचे भोक फार लांब नसते, आणि बदलायचा तर अख्खा पाईपच बदलायला हवा.

गाडीखाली थेंब दिसत नाही म्हणून पाईप चांगला आहे, हा समजही चुकीचा आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, त्यामुळे सुईएवढ्या छिद्रातून चालू गाडीत डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. इंजिन आचके देते, चढावर बंद पडते, मिस्त्री फिल्टर बदलतो, पंप खोलतो, आणि खरा दोष क्लिपखाली तसाच राहतो. फीड पंपापाशी पाईप सोडून त्याच्या जागी डब्यातून थेट डिझेल पुरवले आणि इंजिन सुरळीत चालले, तर संशय टाकी नि पाईपवरच येतो. ही तपासणी पंप खोलण्याच्या आधी व्हायला हवी.

रोवणीच्या घाईत कोण पाईप बदलत बसणार, रबरी तुकड्याने काम भागते, असे म्हणतात. भागते, हे खरेच आहे. डिझेलला चालणारा रबर आणि दोन्ही टोकांना पक्की क्लिप असेल, तर पंपाआधीच्या कमी दाबाच्या पाईपवर तो तात्पुरता चालतो. पण साधी पाण्याची नळी डिझेलने फुगते. इंजेक्शन पंपापासून नोझलपर्यंतच्या पाईपवर तर कोणताही तुकडा चालत नाही, कारण तिथला दाब जुन्या इंजिनातही शंभर-दोनशे बारच्या घरात जातो आणि ती धार कातडीत घुसते. फ्रिजचा तांब्याचा पाईप गंजत नाही, हाही युक्तिवाद असतो. मात्र तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होऊन चिकटा धरते, आणि सततच्या हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते. बाहेरून जस्ताचा मुलामा दिलेला स्टीलचा पाईपच बरा.

या कामातले कौशल्य टोकाला असते. पाईप हॅक्सॉने नव्हे, कटरने कापायचा, आतली कोर काढायची, आधी नट सरकवायचा आणि मगच टोक फुलवायचे. स्टीलला दुहेरी फ्लेअर हवा, एकेरी कडेला चिरतो. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे घालायचे. शेवटी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारायचा, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत.

ठिगळ न लावता अख्खा पाईप बदलणे हे चोरखमारा गेटवरून नागझिरा अभयारण्यात जाणाऱ्या पेट्रोल जिप्सींना अधिकच लागू आहे. तिथे पाईपमध्ये दाब असतो आणि गळके पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडू शकते. डिझेललाही आगीचे भय नाही असे नाही: आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात ज्वलनबिंदूची किमान मर्यादा 35 अंश आहे, आणि मे महिन्यात इथला पारा त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून पाईप तपासण्याचे काम त्याच महिन्यात, नांगरणी सुरू होण्याआधी उरकावे. क्लिपा काढून, चिखल खरवडून, प्रत्येक पाईप बोटाने चाचपून.