बुरशीच्या पोटातला पंप

नेसरी म्हटलं की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात. आम्हा नेसरीकरांना पावसाळ्यात मात्र भातावरचा करपा आठवतो! गणपतीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा तात्या (माझे चुलते) पाठीवर पंप घेऊन बांधावर उभे होते. पानांवर होडीसारखे, मध्ये राखाडी ठिपके. "तीन साल झाली, औषध बदलून बदलून मारतोय. औंदा दादच न्हाई." दुकानदाराने डोस दुप्पट करायला सांगितलं. तात्यांनी केला. तरी निम्मं भात गेलं. पावसानं थोडं औषध धुतलं असेल हे मान्य, पण मला चैन पडेना.

हॉस्टेलवर परतून लायब्ररीत बसले. मेकॅनिकलची मुलगी बुरशी वाचतेय म्हणून रूममेटने जाम उडवली. पण बुरशीतसुद्धा शेवटी पंपच निघाला!

मंडळी, असं बघा. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरतं. मोटर तितक्याच वेगाने उपसत असेल तर पाणी घोट्याच्या वर चढत नाही. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात प्रथिनांचे असेच पंप असतात. औषध आत आलं की उचलून बाहेर. काही पंप एटीपी जाळून चालतात, त्यांना एबीसी म्हणतात. दुसरे पडद्याच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या फरकावर चालतात, धरणाच्या पाण्यावर टर्बाइन फिरावं तसे. हॉलंडमधल्या वाखेनिंगेनच्या दोन संशोधकांनी १९७९ मध्येच हे दाखवलं. फेनॅरिमॉल नावाच्या औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीत औषध साठतच नव्हतं. तिची ऊर्जा तोडली, की साठायला लागलं.

आता गंमत. हे पंप बुरशीने आपल्या फवारणीसाठी बनवलेले नाहीत. करप्याच्या बुरशीतला एक एबीसी पंप १९९९ मध्ये काढून टाकला, तर ती पानात शिरल्यावर थोड्याच वेळात मरू लागली. भात बचावासाठी जे रसायन बनवतं त्यानेही हा पंप जागा होतो. म्हणजे भांडण जुनंच, आपण मध्ये पडलो.

आणि बुरशीला औषधाची "सवय" होते हे खरं नाही बरं का. लाखो बीजाणूंत एखाद्याचं पंपाचं बटण चुकून चालूच राहतं. फवारणीत बाकीचे मरतात, हा उरतो आणि शेत त्याचंच होतं. फ्रान्स-जर्मनीच्या द्राक्षबागांतल्या राखाडी बुरशीत हे बटण २००९ मध्ये सापडलं: पंपाच्या जनुकाच्या आधी डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला. असा एक पंप वेगवेगळ्या जातींची औषधं बाहेर टाकतो. सगळा दोष पंपाचाच असं मात्र नाही. कार्बेन्डाझिमच्या बाबतीत बहुतेक वेळा औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच बदलतं. कुलूपच बदललं, किल्लीचं काय करणार?

दिवाळीत तात्यांना म्हटलं, रिकाम्या बाटल्या काढा. गोठ्याच्या माळ्यावरून तीन निघाल्या, तीन कंपन्यांच्या. बारीक इंग्रजी अक्षरं मी वाचली (कॉन्व्हेंटचा घरी झालेला पहिला उपयोग!): हेक्साकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल. तिन्ही एकाच कुळातली. बुरशीचं एर्गोस्टेरॉल बनणं थांबवायचं, एवढंच तिघांचं काम. फेनॅरिमॉलचंही तेच.

तात्या बराच वेळ बाटल्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी बदललंच न्हाई व्हय?"