गोंधळ घालणे

'गोंधळ घालणे' हा मराठीतील एक प्रचलित क्रियावाचक शब्दप्रयोग आहे. देवीच्या उपासनेचा 'गोंधळ' हा विधी करणे हा त्याचा एक अर्थ, तर गडबड किंवा अव्यवस्था माजवणे हा दुसरा. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या उपासनेत पहिला अर्थ आजही रूढ आहे. दैनंदिन बोलण्यात व वृत्तपत्रांत दुसरा अर्थ अधिक आढळतो.

विधी

विवाह, मुंज यांसारख्या मंगलकार्यानंतर अनेक मराठी कुटुंबांत कुलदेवतेचा गोंधळ घालतात. दिवटी पेटवून गोंधळी संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने गावोगावच्या दैवतांना गोंधळासाठी येण्याचे आवाहन करतात. त्यानंतर आख्यान व शेवटी आरती होते. गोंधळी समाजातील कदमराई हे तुळजाभवानीचे, तर रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक होत. संत एकनाथांनी आपल्या भारुडांत गोंधळाचे रूपक योजले आहे.

व्युत्पत्ती व अर्थविस्तार

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात 'गोंडली' नृत्याचे वर्णन आहे. काही अभ्यासक 'गोंधळ' या शब्दाचा संबंध त्या नावाशी जोडतात. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण, धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून जवळ आहे. कन्नडमध्येही 'गोंदल' या शब्दाला गडबड हा अर्थ आहे.

वाद्यांचा गजर, नाच व गर्दी यांवरून मराठीतील दुसरा अर्थ लक्षणेने आला, असे स्पष्टीकरण दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) दोन्ही अर्थ नोंदवलेले आहेत. प्रत्यक्षात विधी विस्कळीत नसतो. आवाहन, आख्यान आणि आरती हा त्याचा क्रम ठरलेला असतो.

वापर

विधीच्या अर्थी दैवताचे नाव बहुधा षष्ठीत येते: 'लग्नानंतर त्यांनी भवानीचा गोंधळ घातला.' दुसऱ्या अर्थी स्थळ किंवा प्रसंग सांगितला जातो: 'मुलांनी वर्गात गोंधळ घातला.' 'घालणे' दोन्ही अर्थी चालते. 'गोंधळ उडणे' व 'गोंधळ माजणे' यांत मात्र गडबडीचाच अर्थ असतो. 'गोंधळणे' हे नामापासून बनलेले अकर्मक क्रियापद 'भांबावणे' या अर्थी येते: 'प्रश्न पाहून विद्यार्थी गोंधळला.' विधी करणे या अर्थी ते वापरत नाहीत. 'गोंधळी' हा शब्द मात्र मुख्यतः परंपरागत उपासक-कलावंतांसाठीच वापरला जातो.